उमरग्याचं कोमट पाणी

धाराशिव जिल्ह्यात लोक तुळजापूरच्या देवीला जातात, नळदुर्गचा किल्ला बघायला जातात. मी गेले ती बेंबीवरच्या जखमांच्या मागे. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण माझा पेशाच तसा आहे. पुण्याच्या एका रुग्णालयात मी जंतूंची प्रयोगशाळा सांभाळते आणि ऑपरेशननंतर न भरणाऱ्या जखमांवर आमचा एक अभ्यास चालू आहे. माणूस एक आजार घेऊन दवाखान्यात जातो आणि दुसराच घेऊन घरी येतो. तो दुसरा कुठून आला ते शोधायचं, एवढंच माझं काम. पुस्तकात ते फार रुबाबदार दिसतं. प्रत्यक्षात ते बरंचसं लोकांच्या मोऱ्या आणि पाण्याच्या टाक्या हुंगत फिरणं असतं.

माणसांची नावं इथं बदलली आहेत आणि दवाखान्याचं नाव सांगणार नाही. जाताना त्या दवाखान्यावर माझा भयंकर राग होता. परत आले तेव्हा राग कुणावर काढावा हेच कळेनासं झालं होतं.

सोनारी

जानेवारीची थंडी होती. भाड्याच्या गाडीनं पुण्याहून निघून दुपारी परंडा तालुक्यातल्या सोनारीला पोचले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, पण धुळीनं इतकी माखलेली की हिरवा रंग आठवून घ्यावा लागत होता. गावात काळभैरवनाथाचं मोठं देऊळ आहे आणि देवापेक्षा जास्त संख्येनं माकडं आहेत. गाडीतून उतरून मी पिशवी बॉनेटवर ठेवली, ही माझी चूक. एक दांडगं माकड पिशवी घेऊन शिखरावर गेलं. त्यात माझा डबा होता आणि नमुने घ्यायच्या निर्जंतुक काड्यांची पाकिटं होती. डबा त्यानं पिल्लांना दिला. काड्यांची पाकिटं मात्र स्वतः एकेक फोडून, प्रत्येक काडी चाटून खाली टाकली. मी खालून शिव्या देत होते.

"देवाची हायती म्याडम, काय बोलू नका त्यास्नी," असं म्हणत एक माणूस काड्या वेचायला आला. हाच भैरू, ज्याला भेटायला मी आले होते.

भैरू ट्रक चालवायचा. कांदा घेऊन हैदराबादला जाताना उमरग्याजवळ त्याच्या पोटात असह्य दुखायला लागलं. रस्त्यालगतच्याच एका दवाखान्यात दुर्बिणीनं त्याचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं बेंबीपाशी, जिथून दुर्बीण आत घातली होती तिथं, गाठ आली, फुटली आणि वाहायला लागली. ती काही केल्या भरेना. तपासणीत टीबीसारखं दिसलं म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांचाही काही उपयोग होईना, तेव्हा तो पुण्याला आला आणि त्याचा पू माझ्या टेबलावर आला.

तो टीबी नव्हता. टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ म्हणावा असा एक जंतू होता. हा माती-पाण्यात राहतो, नळांत, टाक्यांत चिकटून बसतो. एरवी तो कुणाच्या वाट्याला जात नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण जखमेत शिरला की हलता हलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब टीबीच्या जंतूसारखा दिसतो, त्यामुळे भलेभले फसतात. औषधं मात्र वेगळी लागतात.

त्या वेगळ्या औषधांनी भैरूची जखम भरली होती. पण त्यातल्या एका इंजेक्शननं त्याचा उजवा कान गेला होता. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले तर तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

"हॉर्न ऐकू न्हाय येत त्याला गाडी कोण दील?" तो म्हणाला. "आता घरीच हाय. शेरडं राखतो." त्याच्या बायकोनं डबा गेल्याची भरपाई म्हणून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची वाटी आणली. चटणी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या निमित्तानं मला डोळे पुसता आले, ते बरंच झालं.

निघताना भैरूनं जे सांगितलं त्यासाठीच खरं तर मी आले होते. फोनवर त्यानं ते ओझरतं सांगितलं होतं. "ड्रेसिंगला जायचो तवा माझ्यासारखीच एक पोरगी असायची तिथं. सुजाता. तिलाबी बेंबीलाच. दवाखान्यातल्या कमलमावशीची लेक. तिला अजून टीबीच्याच गोळ्या चालू हायती म्हणं. तिला आधी बघा. तिचा तरी कान वाचवा."

एकाच दवाखान्यात एकाच जागी दोन जखमा म्हणजे योगायोग नव्हे. तिथल्या सर्जननं मी सांगितल्यावर साधनं धुवायचं उकळलेलं पाणी बाटलीत भरून पुण्याला पाठवलं होतं. ते स्वच्छ निघालं. दुर्बीण ज्या औषधात बुडवतात तेही स्वच्छ. मग जंतू आला कुठून?

तामलवाडी

सुजाताचं सासर सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत. ती तिथं असेल असं समजून मी गेले. पत्र्याचं नीटनेटकं घर, दारात तुरीच्या काड्यांचा ढीग, आणि ओसरीवर तिची सासू एका चारेक वर्षांच्या मुलीची वेणी घालत बसलेली. मुलीचं नाव परी.

"ती न्हाय इथं. म्हायेरी हाय, उमरग्याला," सासूबाई म्हणाल्या. "म्याच धाडलंय. टीबी गेल्याबिगर येऊ नगंस म्हणलंय."

आत भिंतीला एक ताट, एक तांब्या, एक पेला वेगळ्या खुंटीवर टांगलेले दिसले. मला असल्या गोष्टींचा लगेच संताप येतो. चेहऱ्यावर तो दिसला असावा.

"मला वाईट समजू नका," त्या म्हणाल्या. "माझा थोरला दीर टीबीनं गेला. त्याची दोन लेकरं मागनं गेली, ह्या वसरीवर. ती म्या ह्या हातानं न्हाऊ घातलेली. आता हिला काय झालं तर तिच्या आयेला काय तोंड दावू?"

शहरात आम्ही अशा बाईला अडाणी म्हणून मोकळे होतो. तिच्या ओसरीवरून गेलेली माणसं आम्हाला मोजावी लागलेली नसतात. मी पुण्यातल्या व्याख्यानांत वापरते ती सगळी वाक्यं गिळली आणि चहा घेतला. चहा गुळाचा आणि सुंठीचा होता, चांगला होता.

परी माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. आई रोज फोनवर दिसते, तिनं सांगितलं. बापाचा फोन आणून मला काचेवरचा डाग दाखवला. "हितं पापा घेती म्या." डाग ताजा होता.

"टीबी न्हाय असं तुमी स्वता येऊन सांगा," सासूबाई मला गाडीपर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्याच दिवशी आणती सुनंला. पर खात्रीनं सांगा. अंदाजानं नगं."

खात्री हा माझा धंदा आहे, पण इतक्या भीतीनं ती कुणी मागितली नव्हती.

उमरगा

उमरगा म्हणजे हमरस्ता, आणि हमरस्ता म्हणजे ट्रक. त्यांच्या दोन्ही बाजूंना टायरवाले, धाबे, मेडिकलची दुकानं आणि दवाखान्यांच्या पाट्या. कर्नाटक हाकेवर. चहाच्या टपरीवरचा म्हातारा माझ्याशी मराठीत, बायकोशी कानडीत आणि ट्रकवाल्यांशी हैदराबादी हिंदीत बोलत होता, तेही एकाच श्वासात. लॉजवर खोली मिळाली, पण नळाला पाणी नव्हतं. टँकर उद्या येईल, असं मालक आनंदानं म्हणाला.

दवाखान्याचे सर्जन डॉक्टर शिवानंद. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण या माणसाशी भांडण होईना. त्यानं सगळी दारं उघडून दिली. "म्याडम, माझं चुकत असेल तर सापडू दे. मला रात्रीची झोप न्हाय." दवाखाना लख्ख होता. पुण्यातल्या काही मोठ्या रुग्णालयांनी येऊन शिकावं इतका लख्ख. याला कारण कमलमावशी, ऑपरेशन थेटरातल्या मदतनीस. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. बोलता बोलता त्या दाराची कडी पुसत होत्या.

दुर्बीण उकळता येत नाही, तिची काच बिघडते. म्हणून ती जंतुनाशकात बुडवून ठेवतात आणि वापरायच्या आधी पाण्यानं धुतात, कारण ते औषध पोटात गेलं तर आतली कातडी भाजते. म्हणजे पोटात शिरण्याआधी दुर्बिणीला शेवटचा स्पर्श होतो तो पाण्याचा. मी मावशींना विचारलं, पहिल्यापासून सगळं सांगा. त्यांनी सांगितलं: भांडं घासायचं, पाणी भरायचं, खळाखळा उकळायचं, झाकण ठेवायचं, हात धुवायचे, आत न्यायचं. मी स्वतः शेगडीपाशी उभं राहून उकळी पाहिली. मग कपडे बदलून आत गेले, तर कोमट पाणी ट्रेमध्ये आलेलं होतं आणि ऑपरेशन सुरू होत होतं. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. नळाचे, टाकीचे, कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमचे नमुने घेतले. जंतू वाढायला आठवडा लागतो. आणि ड्रममध्ये तो सापडला तरी काय? ते पाणी तर फरशी पुसायचं. ते पोटात कसं जाणार?

लॉजवर पाणी नाही हे कळल्यावर मावशींनी माझं सामान परस्पर आपल्या घरी नेलं. "अंघोळीबिगर ऱ्हाता व्हय? चला गप." गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, समोरच बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, फोटोला ताजा हार. खाटेवर सुजाता. पंचविशीची असेल. पित्ताशयातले खडे काढायला आईनं हौसेनं आपल्याच दवाखान्यात आणलेली. पट्टी सोडली तेव्हा मला तपासणीची गरजच वाटली नाही. भैरूच्या जखमेची सख्खी बहीण. तरी नमुना घेतला. गोळ्यांनी तिला अन्न जात नव्हतं, डोळ्यांत पिवळी झाक आली होती.

"परीला बघितलं का तुमी?" तिनं पहिलं हे विचारलं. "वाळलीय का?"

"नाही. वेणी छान घातली होती."

"आत्याबाई घालत्यात," ती सासूबद्दल म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

सकाळी मावशींनी न्हाणीत पितळी हंडा आणून ठेवला. वाफेनं समोरचं दिसेना. शेजारी गार पाण्याची बादली. "लई कढत हाय म्याडम. थांबा, इसण घालून देते." गार पाण्याचे दोन तांबे त्यांनी ओतले, हात कोपरापर्यंत घालून ढवळलं, अंदाज घेतला, आणखी अर्धा तांब्या ओतला. "आता घ्या."

पुण्यात आमच्याकडे नळ फिरवला की हवं तसं पाणी येतं. विसण घालणं मी लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. किती छान वाटलं! आजोळची न्हाणी आठवली. दोन तांबे अंगावर घेतले, तोंडाला साबण लावला, आणि तसाच हात थांबला.

कढत पाणी ऑपरेशनच्या टेबलावर कोमट होऊन येत होतं. इतक्या लवकर कसं?

साबण डोळ्यांत गेला. कशीबशी अंघोळ उरकून, ओल्या केसांनी बाहेर आले. मावशी चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होत्या. मोहरी आणि कढीपत्त्याचा वास घरभर होता.

"मावशी, थेटरातल्या पाण्यातसुद्धा विसण घालता का हो?"

"मग?" त्यांना प्रश्नच वेडगळ वाटला. "कढत कसं द्यायचं? डॉक्टरच्या हाताला चटका बसंल की. काचबी तडकंल. त्यास्नी कोमटच लागतंय."

"कुठलं पाणी घालता?"

"ड्रममधलं. हातासरशी तेच असतंय."

म्हणजे कुणी खोटं बोललं नव्हतं. पोळ्या कशा करता विचारलं तर कुणी "आधी पोळपाट मांडते" असं सांगत नाही, तसंच हे. विसण घालणं हे कामच नव्हतं. ते पाणी उकळण्यातच धरलेलं होतं, आणि आम्हाला आलेल्या बाटलीत सर्जननं भांड्यातलं पाणी थेट भरलं होतं, विसणाच्या आधी.

मावशी कढईत उलथनं फिरवत बोलतच होत्या. "सुजीच्या टायमाला तर म्या दोनदा हात घालून बघितलं. जरा जास्तच गार केलं. म्हणलं लेकीच्या पोटाला चटका नगं."

माझ्या पुढ्यात सुशीलाची बशी आली. मी ती संपवली. कशी होती ते सांगता येणार नाही.

डॉक्टर शिवानंदांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. "कोमट पाणी मीच मागतो. गार असलं की आत काच धुरकट होते, काही दिसत नाही. ते कोमट कसं होतं, हे मी कधी विचारलंच नाही." त्या दिवसाची दुर्बिणीची ऑपरेशनं त्यांनी रद्द केली आणि पुढच्या कामासाठी सलाइनच्या सीलबंद बाटल्या मागवल्या. थेटरातला ड्रम बाहेर नेताना मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

मी गाडीत बसत होते तेव्हा त्या आल्या. "म्याडम. माझ्या इसणानं झालं का?"

आयुष्यभर मी वाईट अहवाल दिलेत. बहुतेक वेळा कागदावर देते, समोर माणूस नसतो. "जंतू टाकीत होते, मावशी. तुम्ही ते आणले नाहीत."

"पर घातले तर म्याच."

"अजून खात्री नाही. तपासणी होऊ दे," मी म्हणाले. शास्त्राच्या हिशेबानं ते खरं होतं. मला मात्र खात्री होती आणि ती त्यांना माझ्या तोंडावर दिसत होती.

पुन्हा तामलवाडी, पुन्हा उमरगा

टाकीतला, ड्रममधला, सुजाताच्या जखमेतला आणि आमच्याकडे जपून ठेवलेला भैरूचा, चारही जंतू एकच निघाले. त्याच दिवशी सुजाताच्या टीबीच्या गोळ्या बंद केल्या. गाठ कापून काढली आणि वेगळी औषधं सुरू झाली. ते इंजेक्शन आम्ही टाळलं. त्याशिवाय वेळ जास्त लागणार होता, पण कान शाबूत राहणार होते. शोधता शोधता अशाच जखमांचे आणखी काही रुग्ण सापडले. त्यातली एक बाई टीबीच्या गोळ्यांनी यकृत बिघडून आधीच गेली होती. तिच्या घरी मी गेले नाही, डॉक्टर शिवानंद गेले.

उन्हाळ्याच्या तोंडी मी पुन्हा निघाले. तामलवाडीला थांबून ओसरीवर बसून खात्रीनं सांगितलं: टीबी नाही, कधीच नव्हता, कुणाला लागणार नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. उठून खुंटीवरचं ताट काढलं आणि बाकीच्या भांड्यांत घातलं. मग म्हणाल्या, "पर आलं कुठनं?"

"दवाखान्याच्या टाकीतल्या पाण्यातून."

"तिथं तर हिची आयच असती की."

"हो," मी म्हणाले. त्यांना समजलं असावं, कारण बराच वेळ त्या परीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई मुलाला आणि परीला घेऊन सुनेला न्यायला आल्या, शब्दाला जागल्या. मी तेव्हा उमरग्यातच होते. परी आईला बिलगली नाही. लांब उभी राहून बघत राहिली, आणि मग बापाचा फोन मागायला लागली. सुजाता हसली आणि रडली. जाताना ती आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आये, तू मनाला लावून घिऊ नगंस. तू बरं करायला गेली व्हतीस." मावशींनी मान हलवली. डोळे कोरडे होते.

मावशी आता थेटरात काम करत नाहीत. डॉक्टरांनी खूप सांगितलं, त्यांनीच ऐकलं नाही. वऱ्हांडे पुसतात. मी त्यांच्याकडेच उतरले होते. घर आता रिकामं होतं, खाटेवरचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.

निघायच्या सकाळी न्हाणीत तोच पितळी हंडा ठेवलेला होता. वाफ तशीच. शेजारी बादली नव्हती.

"मावशी, गार पाणी?"

"निवंल आपुआप. बसा तवर." त्या उंबऱ्यावर टेकल्या. मीही शेजारी बसले. हवा इतकी गरम होती की हंडा निवायला किती वेळ लागेल कोण जाणे.

मी त्यांना समजावलं. अंघोळीच्या पाण्यात विसण घालायला काहीच हरकत नाही, सगळं जग घालतं, कुणाला काही होत नाही, हे मी खात्रीनं सांगते, असं म्हणाले.

"मालूम हाय," मावशी म्हणाल्या. "पर हात उचलत न्हाय, म्याडम."